हिवाळ्यातील नदी आणि ट्राउट मासा

उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या प्रदेशात हिवाळा मोठा कडक असतो. डिसेंबर उजाडला की डोंगरमाथे, पाइनचे वृक्ष आणि दऱ्याखोरी बर्फाने झाकून जातात. लहान ओढे गोठून मुके होतात. तळ्यांवर बर्फाचा जाड थर धरतो. सकाळच्या प्रहरी हवेचे उष्णतामान शून्याखाली दहा अंशांपर्यंत उतरणे ही तेथे नवलाची गोष्ट नव्हे. अशा दिवसांत युटा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातील एका खोल दरीत मात्र एक मोठी नदी अखंड वाहत असते. तिच्या पृष्ठभागावरून वाफेसारखे धुके वर चढते, आणि त्या धुक्यात गुडघाभर पाण्यात उभा राहून एखादा माणूस लांब, लवचीक काठीने दोरी फेकताना दिसतो. त्या नदीचे नाव ग्रीन. दरीचे नाव रेड कॅन्यन, म्हणजे तांबडी दरी. आणि तो माणूस ज्याच्या शोधात थंडीवाऱ्याची पर्वा न करता आलेला असतो, तो मासा म्हणजे ट्राउट.

सगळीकडे पाणी गोठले असता ही एकच नदी वाहती कशी राहते? थंडीने गारठलेला मासा गळाला लागतो तरी कसा? आणि एवढ्या कष्टाने पकडलेला मासा तो माणूस पुन्हा पाण्यात का सोडून देतो? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधू लागले असता निसर्गाच्या आणि मनुष्याच्या कर्तृत्वाच्या अनेक गोष्टी आपोआप उलगडत जातात.

ग्रीन नदी वायोमिंग राज्यातील विंड रिव्हर पर्वतात उगम पावते आणि सुमारे ११७५ किलोमीटर वाहत जाऊन युटामध्ये कोलोरॅडो नदीला मिळते. कोलोरॅडोच्या उपनद्यांत तिच्याएवढी मोठी दुसरी नाही. १८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल हा धाडसी संशोधक काही सोबती घेऊन लाकडी होड्यांतून या नदीने निघाला. यादवी युद्धात त्याने आपला एक हात गमावला होता. सूर्यप्रकाशात ज्वाळेसारखे झळकणारे तांबडे कडे पाहून त्याच्या तुकडीने वाटेतील एका दरीला ‘फ्लेमिंग गॉर्ज’, म्हणजे ‘ज्वलंत दरी’ असे नाव दिले. पुढे याच नावाचे धरण या नदीवर बांधण्यात आले आणि १९६४ साली ते पुरे झाले. काँक्रीटचे हे कमानदार धरण सुमारे १५३ मीटर उंच असून त्याच्यामागे पसरलेल्या जलाशयाची लांबी जवळजवळ १४५ किलोमीटर भरते.

नदी न गोठण्याचे रहस्य या धरणातच आहे. बहुतेक पदार्थ थंड होताना आकुंचन पावत जातात आणि अधिकाधिक जड होतात. पाण्याचा स्वभाव मात्र थोडा निराळा आहे. चार अंश सेल्सिअसपर्यंत ते जड होत जाते. त्याहून अधिक गार झाले की उलट हलके होऊ लागते. म्हणून खोल जलाशयात हिवाळ्यात गोठावयास आलेले पाणी वर तरंगते आणि चार अंशांच्या आसपासचे पाणी तळाकडे राहते. वरचा बर्फ हा जणू त्या खालच्या पाण्यावर घातलेले पांघरूणच असतो. विजेची जनित्रे फिरविण्यासाठी धरणातून जे पाणी सोडले जाते, ते पृष्ठभागावरचे नसून खोलातले असते. चार अंशांचे हे पाणी आपल्याला बोचरे वाटेल. परंतु शून्याखालील हवेच्या मानाने ते उबदारच म्हटले पाहिजे. म्हणूनच त्यातून वाफा निघताना दिसतात, आणि म्हणूनच धरणाखाली कित्येक किलोमीटरपर्यंत नदी मोकळी वाहते.

धरणाने आणखी एक बदल घडवून आणला. पूर्वी ही नदी पावसाळी ओढ्यासारखी गढूळ असे. आता तिचा गाळ जलाशयातच बसतो आणि खाली येणारे पाणी काचेसारखे निर्मळ असते. त्यामुळे सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो, गोट्यांवर शेवाळ वाढते, त्या शेवाळावर असंख्य किडे व जवळ्यासारखे लहान जीव पोसले जातात आणि त्यांवर ट्राउट जगतो.

ट्राउट हा थंड, स्वच्छ व खळाळत्या पाण्यात राहणारा मासा आहे. अशा पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळलेला असतो आणि ट्राउटला त्याची गरज मोठी असते. उष्ण प्रदेशातील कोमट पाण्यात तो जगू शकत नाही. याच कारणामुळे महाराष्ट्रातील नद्यांत रोहू, कटला किंवा मरळ सापडतो, पण ट्राउट सापडत नाही. काश्मीरच्या ओढ्यांत आणि निलगिरीच्या उंच, थंड भागात मात्र तो आहे. परंतु तेथेही तो मूळचा नव्हे. इंग्रजांच्या राजवटीत तो परदेशातून आणून सोडला गेला. ग्रीन नदीतील ट्राउटचीही हकीकत फारशी वेगळी नाही. तेथील तपकिरी ट्राउटचे पूर्वज युरोपातून आले, तर अंगावर गुलाबी पट्टा असलेल्या इंद्रधनुषी ट्राउटचे पूर्वज पॅसिफिक महासागराला मिळणाऱ्या नद्यांतील होत. मनुष्याने धरण बांधले, पाणी थंड झाले आणि मनुष्यानेच त्यात हे पाहुणे आणून सोडले.

माशाच्या शरीराची ऊब आपल्यासारखी कायम नसते. भोवतालच्या पाण्याप्रमाणे ती बदलते. दहा ते सोळा अंशांच्या पाण्यात ट्राउट चपळ असतो. तो वेगाच्या प्रवाहात उभा राहतो, भक्ष्यावर झेप घेतो आणि वेळप्रसंगी पाण्याबाहेर उसळीही मारतो. पाणी चार अंशांवर आले की त्याच्या शरीरातील सर्व व्यापार मंदावतात. खाल्लेले अन्न पचावयास पुष्कळ वेळ लागतो, त्यामुळे भूकही कमी लागते. अशा वेळी वेगवान प्रवाहाशी झगडण्यात शक्ती घालविणे त्याला परवडत नाही. मग तो खळाळ सोडून संथ डोहात, मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला, तळाशी जाऊन राहतो. तो झोपी जात नाही. मात्र एखादा किडा पकडण्यासाठी दूर धावतही नाही. तोंडासमोरून जे वाहत येईल, तेवढेच तो टिपतो. मिळकत थोडी असेल तेव्हा खर्च आखडता घ्यावा, हा व्यवहार निसर्गाने त्याला शिकविलेला असतो.

हिवाळ्यात त्याच्या तोंडासमोरून काय वाहत येते? बहुतेक किडे त्या ऋतूत तळाच्या दगडांखाली दडून असतात. परंतु चिलटाच्या आकाराचे काही कीटक ऐन थंडीतही आपला जीवनक्रम चालू ठेवतात. त्यांच्या अळ्या तळाच्या गाळात वाढतात. पूर्ण वाढ झाली की अळीचा कोश होतो आणि तो हळूहळू वर येऊ लागतो. पृष्ठभागाशी क्षणभर थबकून तो फुटतो, त्यातून पंख असलेला कीटक बाहेर पडतो आणि उडून जातो. हा सारा सोहळा बहुधा भर दुपारी, सूर्याची थोडी ऊब असताना होतो. गाळातून पृष्ठभागापर्यंतचा तो प्रवास ट्राउटच्या पथ्यावर पडतो. तांदळाच्या कणीएवढे ते कोश एकामागून एक टिपीत तो आपला हिवाळा कंठतो.

मासा काय खातो, हे जाणणे हाच मासे पकडण्याच्या या कलेचा पाया आहे. येथे गांडुळासारखे जिवंत आमिष वापरीत नाहीत. गळाच्या बारीक आकड्यावर रंगीत दोरा, पक्ष्याचे पीस, जनावराचे केस गुंडाळून कीटकाची हुबेहूब प्रतिकृती तयार करतात. तिला ‘माशी’ असेच म्हणतात. माशी दाखवून मासा पकडावयाचा, असा हा प्रकार आहे. ही युक्ती फार जुनी आहे. ईलिअन नावाच्या रोमन लेखकाने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी मॅसिडोनियातील कोळ्यांचे वर्णन करून ठेवले आहे. तेथील लोक गळावर तांबडी लोकर व पिसे बांधून नदीतील ठिपकेदार मासे पकडीत असत, असे तो सांगतो.

नेहमीच्या गळाला वजन बांधलेले असते आणि त्या वजनाच्या जोराने दोरी दूर जाते. कृत्रिम माशी मात्र पिसासारखी हलकी असते. ती दूर फेकावी कशी? यासाठी या पद्धतीत दोरीच जाड व जड केलेली असते. काठी मागे नेली की दोरी हवेत मागे उलगडते. ती पुरती सरळ झाली, की त्याच क्षणी काठी पुढे आणावयाची. मग दोरी मोठे वळण घेत पुढे उलगडते आणि टोकाची माशी अलगद पाण्यावर उतरते. यात शक्तीपेक्षा ताल महत्त्वाचा असतो. दोरीच्या शेवटी केसाहून थोडा जाड असा पारदर्शक धागा असतो. कारण निर्मळ पाण्यात माशाच्या नजरेला जाड दोरी तेव्हाच दिसून येते.

उन्हाळ्यात ही माशी पाण्यावर तरंगू देतात. हिवाळ्यात मात्र मासा तळाशी असतो, म्हणून माशीही तळाशी पोचवावी लागते. धाग्याला शिशासारख्या धातूचा एखादा बारीक मणी लावून ती बुडवितात आणि वर खूण म्हणून एक लहानसे तरंगते बोंड बांधतात. आता खरी कसोटी लागते. नदीचा प्रवाह सर्वत्र सारख्या वेगाचा नसतो. पृष्ठभागावर तो जलद, तळाशी मंद. मध्यभागी जोराचा, काठाशी संथ. दोरी वेगाच्या प्रवाहात सापडली की माशीला ओढू लागते, आणि ओढली जाणारी माशी पाहून ट्राउट सावध होतो. कारण खरा कोश प्रवाहाबरोबर आपसूक वाहत येतो, कोणी ओढल्यासारखा धावत नाही. म्हणून गळ टाकणारा काठीच्या हलक्या झटक्याने दोरी पुनःपुन्हा प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकीत राहतो. एकच जागा तो दहा-वीस वेळा धुंडाळतो. कारण हिवाळ्यातला मासा माशीकडे येत नाही, माशीलाच त्याच्या तोंडापर्यंत जावे लागते.

ट्राउटने माशी तोंडात घेतली, तरी मोठा हिसका बसत नाही. वाहत असलेले बोंड क्षणभर अडखळते, एवढेच. ज्याचे लक्ष विचलित झाले, त्याला ते कळतही नाही. ज्याला कळले, त्याने काठी हळूच उचलावयाची. तासन्‌तास थंडीत उभे राहून एका निमिषाची ही खूण टिपणे, यालाच येथे कौशल्य म्हणतात.

थंडीही अनेक अडचणी उभ्या करते. काठीवरील ज्या कड्यांतून दोरी जाते, त्यांत पाण्याचे थेंब गोठून बसतात आणि दोरी अडकते. अशा वेळी अनुभवी माणूस काठी सरळ नदीतच बुडवितो. हवेपेक्षा पाणी उबदार असल्यामुळे तो बर्फ विरघळून जातो! बोटे बधिर होतात, बारीक धाग्याची गाठ बांधता येत नाही. छातीपर्यंत येणारा, पाणी आत न शिरू देणारा पोशाख घालावा लागतो. बुळबुळीत गोट्यांवरून पाय घसरून माणूस पाण्यात पडला, तर थोड्याच वेळात त्याचे हातपाय काम देईनासे होतात. शिवाय विजेची मागणी वाढली की धरणातून अधिक पाणी सोडले जाते आणि नदीची पातळी चढते. म्हणून शहाणा माणूस एकटा जात नाही, खोल पाण्यात शिरत नाही आणि एक डोळा सतत काठावरील दगडांच्या ओलीकडे ठेवतो.

मासा हाती आला, म्हणजे काम संपले असे नाही. उलट येथूनच माणसाची खरी पारख सुरू होते. या नदीतून ठरावीक मर्यादेत मासे घरी नेण्याची परवानगी आहे. तथापि पुष्कळसे लोक पकडलेला मासा परत सोडतात. सोडणे म्हणजे पाण्यात भिरकावणे नव्हे. माशाच्या अंगावर एक बुळबुळीत थर असतो. तो रोगजंतूंपासून त्याचे रक्षण करतो. कोरड्या हाताने धरल्यास तो थर निघून जातो, म्हणून आधी हात भिजवावा लागतो. गोठविणाऱ्या हवेत माशाचे नाजूक कल्ले पाहता पाहता गारठून जखमी होतात. यासाठी त्याला पाण्याबाहेर न काढताच गळ सोडवितात. गळाच्या टोकामागील उलटा काटा आधीच दाबून सपाट केलेला असला, म्हणजे गळ सहज निघतो. दमलेल्या माशाचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला हलकेच आधार देतात. कल्ल्यांतून पाणी खेळले, शेपटीत बळ आले, की तो आपल्या आपण निसटून जातो.

दुसरीही एक काळजी घ्यावी लागते. तपकिरी ट्राउट हिवाळ्याच्या तोंडाशी अंडी घालतो. मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी तळाचे खडे बाजूला सारून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वर पुन्हा खडे लोटते. तेथील शेवाळ व गाळ निघून गेल्यामुळे तेवढा तळ भोवतालपेक्षा उजळ दिसतो. सारा हिवाळा ती अंडी त्या खड्यांखाली असतात. अशा उजळ जागेवर एक पाऊल पडले, तर शेकडो जीव जन्मण्यापूर्वीच चिरडले जातात. म्हणून जाणता माणूस पाऊल टाकण्यापूर्वी तळाकडे पाहतो.

माशाला यातना देऊन पुन्हा सोडण्यात कसला पुरुषार्थ, असा प्रश्न काही लोक करतात. तो अगदीच गैरलागू आहे असे नाही. यावर गळ टाकणारे असे सांगतात, की ज्यांना नदीचा लळा लागतो, तेच तिच्या रक्षणासाठी पुढे येतात. अमेरिकेत १९५० साली झालेल्या एका कायद्यान्वये मासे पकडण्याच्या साहित्यावरील कराचे उत्पन्न मत्स्यसंवर्धनासाठी खर्च होते, ही गोष्टही खरी आहे. परंतु ग्रीन नदीचा इतिहास पाहता, या प्रश्नाहून मोठा असा एक प्रश्न शिल्लक राहतोच.

ट्राउट येण्यापूर्वी ही नदी ओसाड नव्हती. तिच्या गढूळ, हिवाळ्यात गार व उन्हाळ्यात कोमट होणाऱ्या पाण्यात कोलोरॅडोच्या खोऱ्याबाहेर जगाच्या पाठीवर अन्यत्र न आढळणारे मासे नांदत होते. माणसाच्या उंचीएवढा वाढणारा पाईकमिनो, पाठीवर उंचवटा असलेला हम्पबॅक चब, निमुळत्या शेपटीचा बोनीटेल आणि पाठीला धार असलेला रेझरबॅक सकर हे त्यांतील प्रमुख होत. त्या काळी अशा माशांना टाकाऊ समजत. धरणात पाणी साठविण्यापूर्वी, १९६२ च्या सप्टेंबर महिन्यात, पुढे सोडावयाच्या ट्राउटला प्रतिस्पर्धी उरू नयेत म्हणून ग्रीन नदी व तिच्या उपनद्यांच्या मिळून सुमारे ७०० किलोमीटर पात्रात रोटेनोन नावाचे विष सोडण्यात आले. ठरविलेल्या ठिकाणी त्याचा प्रभाव नाहीसा करण्याची योजना होती. पण ती पुरती सफल झाली नाही. विष खाली वाहत जाऊन डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकाच्या संरक्षित हद्दीत पोचले आणि तेथेही मासे मेले. पुढे जे वाचले, त्यांना धरणाच्या थंड पाण्यात अंडी घालणे शक्य होईना.

मौज अशी, की जलाशय भरत गेला तसे उन्हाळ्यातही इतके गार पाणी येऊ लागले, की खुद्द ट्राउटचीच वाढ खुंटली. अखेर १९७८ साली, जलाशयाच्या हव्या त्या थरातून पाणी घेता येईल अशी सोय धरणाला करावी लागली. पुढे जुन्या माशांचीही आठवण झाली. १९८८ साली कोलोरॅडोच्या वरच्या खोऱ्यातील दुर्मिळ मासे वाचविण्यासाठी एक संयुक्त योजना हाती घेण्यात आली. वसंत ऋतूत पूर्वीसारखा पूर यावा, उन्हाळ्यात पाणी फार गार राहू नये, अशा बेताने धरणातून पाणी सोडण्यात येऊ लागले. कित्येक किलोमीटर खाली, जेथे याम्पा ही मोठे धरण नसलेली नदी आपले गढूळ पाणी घेऊन ग्रीनला मिळते, त्या संगमापुढील पात्रात पाईकमिनो आजही आढळतो. त्याची संख्या थोडी आहे; पण तो आहे.

एका धरणाने एका नदीत दोन नद्या निर्माण केल्या, असे म्हणावयास हरकत नाही. एक थंड, निर्मळ व ट्राउटने भरलेली. दुसरी गढूळ, ऋतूंबरोबर बदलणारी व जुन्या माशांची. त्यांपैकी एकीचे सुख दुसरीच्या नुकसानीतून आलेले आहे. हे झालेले नुकसान भरून काढणे, ते करण्याइतके सोपे नाही. विष सोडावयास तीन दिवस पुरले. नदी पूर्ववत करण्याचे काम मात्र कित्येक दशके चालू आहे.

हिवाळ्यातील नदीवर गळ टाकणाऱ्या माणसाला नदी दोन गोष्टी शिकविते. जे निर्जीव दिसते, ते निर्जीवच असते असे नाही. थंड पाण्याच्या तळाशीही जीवन आपल्या मंद गतीने चालू असते आणि ज्याला धीर आहे त्यालाच ते दिसते. आणि दुसरी गोष्ट अशी, की एखाद्या जिवाला टाकाऊ ठरविण्यापूर्वी त्याची ओळख करून घ्यावी. उजळ खड्यांवर पाऊल न ठेवणारा माणूस ट्राउटच्या अंड्यांना जपतो, हे चांगलेच आहे. तीच दृष्टी सबंध नदीकडे वळली, म्हणजे तिच्यात पाहुण्यालाही जागा मिळेल आणि मूळच्या रहिवाशालाही.